बंदी बंदरात, फटका मळ्यात : श्रीलंकेचा चहा आणि आयातबंदीचे दशक

आयातबंदी जाहीर झाली की चर्चा बहुधा दोनच पक्षांची होते: परदेशी माल थांबल्यामुळे ज्याला संरक्षण मिळते तो देशी उत्पादक, आणि तोच माल ज्याला महाग घ्यावा लागतो तो ग्राहक. निर्यातीवर जगणारा उत्पादक हा तिसरा पक्ष या चर्चेत क्वचितच येतो, कारण त्याचा माल देशाबाहेर जातो आणि बंदी असते ती देशात येणाऱ्या मालावर, त्यामुळे दोहोंचा संबंध वरवर पाहणाऱ्याला लागत नाही. प्रत्यक्षात बंदीचा भार दुसऱ्यावर ढकलण्याची सोय सर्वात कमी असते ती याच पक्षाला. देशातल्या बाजारात विकणारा कारखानदार वाढलेला खर्च किमतीत मिळवू शकतो, कारण त्याच्या सर्व स्पर्धकांचा खर्च त्याच वेळी वाढलेला असतो; निर्यातदाराचे स्पर्धक मात्र परक्या देशात असतात, त्यांना ती बंदी लागू नसते, आणि जागतिक बाजारातील भाव त्याच्या अडचणीकडे पाहून ठरत नाही.

अर्थशास्त्रात हा विचार जुना आहे. आयातीवर सरसकट बसवलेला कर हा अंतिमतः निर्यातीवर बसवलेल्या तितक्याच करासारखा काम करतो, असे अबा लर्नर यांनी १९३६ साली दाखवून दिले आणि तो सिद्धान्त त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यामागचे तर्कशास्त्र असे की, आयात कमी झाली की परकीय चलनाची मागणी घटते, देशी चलनाचा दर कृत्रिमरीत्या चढा राहतो आणि निर्यातदाराला मिळालेल्या प्रत्येक डॉलरचे रुपये कमी होतात; शिवाय भांडवल आणि मनुष्यबळ संरक्षित उद्योगांकडे ओढले जाते, त्यामुळे निर्यात उद्योगाला दोन्ही महाग पडतात. बंदी घातलेली वस्तू निर्यात उद्योगाचाच कच्चा माल असेल तर या अप्रत्यक्ष परिणामात प्रत्यक्ष तोट्याचीही भर पडते. हे सारे कागदावर पटते, पण किती वेगाने घडते आणि नेमके कोणाच्या अंगावर येते, हे समजण्यासाठी एखादा उद्योग जवळून पाहावा लागतो. श्रीलंकेचा चहा हा अशा अभ्यासासाठी फारच उपयुक्त विषय आहे, कारण साधारण एका दशकात या उद्योगाला एकामागून एक आयातबंद्यांना तोंड द्यावे लागले, आणि त्यांतली एकही चहाला लक्ष्य करून घातलेली नव्हती.

१८६७ साली जेम्स टेलर यांनी कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यात व्यापारी तत्त्वावर चहाची लागवड केली, तांबेरा रोगाने पुढच्या काही वर्षांत बेटावरची कॉफी संपवली आणि तिची जागा चहाने घेतली. १८८३ पासून कोलंबोत चहाचा लिलाव होतो. तयार होणाऱ्या दर दहा किलोंपैकी नऊहून अधिक किलो चहा परदेशी जातो, म्हणजे हा उद्योग जवळजवळ संपूर्णपणे निर्यातीवरच उभा आहे. त्यातला बहुतांश चहा ‘ऑर्थोडॉक्स’ पद्धतीचा असतो, म्हणजे पाने यंत्रात वळून, आंबवून, वाळवून तयार केलेला. भारतात घरोघरी उकळला जाणारा बारीक दाणेदार चहा, ज्याला सीटीसी म्हणतात, तो तेथे थोडाच होतो. केनियाचा चहा स्वस्त आणि विपुल आहे, त्यामुळे श्रीलंकेची सारी भिस्त दर्जावर आणि नावावर आहे. कोलंबोच्या लिलावातील भाव जगातील इतर मोठ्या लिलावांपेक्षा सहसा चढे राहतात ते या नावामुळेच.

पहिला धक्का बसला तो तणनाशकावरील बंदीने. देशाच्या उत्तर-मध्य भागातील कोरडवाहू भातपट्ट्यात शेतकऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा एक असाध्य विकार मोठ्या प्रमाणावर पसरला होता आणि त्याचे कारण पक्के सापडत नव्हते. ग्लायफोसेट या तणनाशकावर संशय होता आणि २०१५ साली त्याच्या आयातीवर सरसकट बंदी आली. त्या शेतकऱ्यांचे दुःख खरे होते आणि सरकारची काळजीही खोटी म्हणता येणार नाही. मात्र चहाचे मळे त्या रोगाच्या पट्ट्यात नव्हतेच. ते मध्यवर्ती डोंगरांत आणि दक्षिणेकडच्या सखल पावसाळी भागात होते. मजूर आधीच कमी पडत असताना हाताने खुरपणी वाढवणे अवघड होते, आणि उतारावरची माती फार उकरली तर पहिल्या मोठ्या पावसात ती ओढ्याला लागते. म्हणून मळेवाल्यांनी एमसीपीएसारखी दुसरी तणनाशके वापरली. जपानमध्ये ज्या रसायनासाठी चहात वेगळी मर्यादा ठरलेली नसते त्याला दहा लाख भागांत ०.०१ भाग, म्हणजे दहा कोटी किलोंत एक किलो, इतकाच अंश चालतो. श्रीलंकेच्या चहात एमसीपीएचा अंश त्याहून जास्त सापडू लागला आणि जपानी खरेदीदारांनी तक्रारी केल्या. ज्या गिऱ्हाइकाच्या चोखंदळपणावर श्रीलंकेचा चढा भाव टिकून होता तेच गिऱ्हाईक दुरावण्याची वेळ आली, आणि २०१८ साली चहा व रबर या दोन पिकांसाठी ग्लायफोसेटची बंदी शिथिल करावी लागली. आयातबंदीने वस्तूची गरज नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या आणि पुष्कळदा वाईट वस्तूकडे वळते. परदेशी प्रयोगशाळा मात्र त्या पर्यायाचीच तपासणी करते.

दुसरा प्रसंग अल्पकाळाचा होता, पण त्यातून आयातबंदीचा एक निराळाच परिणाम उघड झाला. छपरांच्या पत्र्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात २०१८ पासून बंद करण्याचा श्रीलंकेचा निर्णय झाला होता आणि आरोग्याच्या दृष्टीने तो पूर्णपणे समर्थनीय होता. पण रशिया हा ॲस्बेस्टॉसचा मोठा निर्यातदार, तसाच श्रीलंकेच्या चहाचा मोठा खरेदीदार. डिसेंबर २०१७ मध्ये एका मालात खापरा भुंगेरा सापडल्याचे कारण देऊन रशियाने श्रीलंकेच्या चहावर तात्पुरती बंदी घातली. दोन्ही गोष्टींचा संबंध रशियाने उघडपणे जोडला नाही, परंतु कोलंबोत त्याचा अर्थ सर्वांनी एकच लावला. सरकारने ॲस्बेस्टॉसवरील बंदी मागे घेतली आणि महिना संपण्याच्या आत रशियाने चहाची वाट मोकळी केली. आयातबंदीला दुसरा देश उत्तर देतो तेव्हा तो नेहमी सर्वात नाजूक जागा शोधतो, आणि छोट्या देशाच्या बाबतीत ती जागा त्याची प्रमुख निर्यात हीच असते.

या दोहोंपेक्षा कितीतरी मोठा घाव २०२१ चा होता. करोनामुळे पर्यटन थांबले होते, परदेशी कर्जांचे हप्ते डोक्यावर होते आणि परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटत होती. रासायनिक खतांच्या आयातीवर वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर जातात असा सरकारी पक्षाचा हिशेब होता. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गोटाबाय राजपक्षे यांच्या २०१९ च्या जाहीरनाम्यात सेंद्रिय शेतीकडे दहा वर्षांत जाण्याचे वचन होते. एप्रिल २०२१ च्या अखेरीस तो दहा वर्षांचा प्रवास एका निर्णयात उरकण्यात आला आणि मे महिन्यात रासायनिक खते व कीटकनाशके यांची आयात राजपत्राने बंद झाली.

चहाच्या झुडपाला या निर्णयाचा अर्थ काय होता, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. इतर बहुतेक पिकांत दाणा किंवा फळ काढले जाते, चहात कोवळे पान खुडले जाते, आणि कोवळ्या पानात नत्र भरपूर असते: हजार किलो तयार चहाबरोबर साधारण ४० किलो नत्र जमिनीतून कायमचे निघून जाते. युरियात ४६ टक्के नत्र असल्यामुळे ही भरपाई दोन पोत्यांहून कमी युरियात होते, निदान कागदावर तरी. चांगल्या कंपोस्टमध्ये नत्र एक ते दोन टक्के असते. म्हणजे तेवढ्याच भरपाईसाठी दोन ते चार टन कंपोस्ट लागते, तेही झाडाला लगेच उपलब्ध होत नाही, आणि नुवारा एलियाच्या उतारावर ते टोपल्यांनी डोक्यावरून चढवावे लागते. एवढे कंपोस्ट देशात तयारही नव्हते. चीनहून मागवलेल्या सेंद्रिय खताच्या नमुन्यात घातक जिवाणू आढळल्याने ते घेऊन आलेले जहाज नाकारले गेले आणि पुढे त्याचे पैसेही द्यावे लागले. भारतातून द्रवरूप नॅनो युरिया वायुदलाच्या विमानांनी उतरवण्यात आला. ऑक्टोबरात चहासाठी सवलती सुरू झाल्या आणि २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वसाधारण बंदीही उठली. तोपर्यंत जगात युरियाचा भाव कडाडला होता, त्यामुळे कायद्याने मोकळे झालेले खत लहान शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरच राहिले.

या प्रकरणातील सर्वात फसवा भाग म्हणजे परिणामाला लागलेला विलंब. २०२१ सालचे एकूण उत्पादन सुमारे २९.९ कोटी किलो झाले, म्हणजे २०२० च्या २७.८ कोटींपेक्षा जास्तच, कारण वर्षाच्या पूर्वार्धात पाऊस चांगला होता आणि झुडपे जमिनीतल्या जुन्या साठ्यावर तगून होती. खरी घसरण २०२२ मध्ये दिसली: उत्पादन सुमारे २५.१ कोटी किलोंवर आले, जे पाव शतकातील सर्वात कमी होते. त्यात इंधनटंचाई आणि वीजकपातीचाही वाटा होता हे मान्य करावेच लागेल. तरीही निर्यातीचा भाव किलोला पाच डॉलरच्या आसपास धरला, तर एका वर्षात कमी झालेल्या पावणेपाच कोटी किलोंची किंमत जवळजवळ २४ कोटी डॉलर होते. आणि खतांवर वाचवायचे ४० कोटी डॉलर तर भात, नारळ, भाजीपाला अशा सर्व पिकांचे मिळून होते. परकीय चलन वाचवण्यासाठी घातलेल्या बंदीने परकीय चलन मिळवणारे पीकच कापले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो तपासण्याजोगा आहे. २०२२ मध्ये कोलंबोच्या लिलावात चहाचा सरासरी भाव रुपयांत जवळपास दुप्पट झाला, मग नुकसान कसले, असे विचारले गेले. पण त्या वसंतात श्रीलंकेचा रुपया डॉलरला २०० वरून ३६० पर्यंत कोसळला होता; म्हणजे भाववाढीचा मोठा भाग चलनाच्या पडझडीचा होता, उरलेला टंचाईचा. डॉलरमधील एकूण निर्यात उत्पन्न २०२१ च्या सुमारे १३२ कोटींवरून १२६ कोटींवर उतरलेच. शिवाय टंचाईमुळे मिळालेला भाव हा स्पर्धाशक्तीचा पुरावा नव्हे. चहाची वेष्टने भरणाऱ्या परदेशी कंपनीला वर्षभर एकसारखी चव लागते. एका मोसमात कोलंबोचा माल कमी पडला की ती मिश्रणाचे प्रमाण बदलते, केनियाचा किंवा भारताचा वाटा वाढवते, आणि गिऱ्हाइकाच्या जिभेला नव्या मिश्रणाची सवय लागली की ते प्रमाण पूर्ववत करण्याचे तिला काही कारण उरत नाही.

हा भार पडला तो कोणावर, हा प्रश्न तर अधिक महत्त्वाचा आहे. श्रीलंकेच्या चहाचे चित्र म्हणजे डोंगरावरचे ब्रिटिशकालीन मळे आणि त्यांतील तमिळ खुडणाऱ्या स्त्रिया असे डोळ्यांसमोर येत असले, तरी आज देशातला जवळपास तीनचतुर्थांश चहा लहान शेतकऱ्यांच्या पानांपासून होतो. अशी सुमारे चार लाख कुटुंबे मुख्यतः रत्नपुरा, गाले, मातरा या सखल भागांत आहेत आणि त्यांतील बहुतेकांची जमीन अर्ध्या हेक्टरहूनही कमी आहे. ते हिरवे पान जवळच्या कारखान्याला देतात आणि चहा मंडळाच्या सूत्रानुसार विक्रीच्या सरासरी उत्पन्नाचा ६८ टक्के वाटा त्यांना मिळतो. म्हणजे लिलावात पान किती आणि कोणत्या दर्जाचे गेले याचा जमाखर्च थेट त्यांच्या घरापर्यंत पोहोचतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हे अप्रत्यक्ष निर्यातदार होत: माल त्यांचा परदेशी जातो, पण निर्यातीच्या कागदावर नाव दुसऱ्याचे असते. आयातनिर्बंध असलेले देश निर्यातदारांना सहसा परवान्यावर कच्चा माल आणू देतात, आणि त्यामुळे निर्यातीला झळ लागत नाही असा दावा करतात. ही सवलत ज्याच्याकडे निर्यातीचा परवाना आहे त्यालाच मिळते, अर्धा हेक्टरवाल्याला नाही. हे महाराष्ट्रातही अपरिचित नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारताने कापसावर एकूण ११ टक्के आयातशुल्क बसवले, जे पुढे २०२२ आणि २०२५ मध्ये तात्पुरते उठवावे लागले. तयार कपडे परदेशी पाठवणाऱ्या मोठ्या कंपनीला आगाऊ परवान्यावर शुल्कमुक्त कापूस किंवा सूत आणता येते, पण इचलकरंजीचा यंत्रमागधारक स्थानिक बाजाराच्या भावानेच सूत घेतो, मग त्याचे कापड शेवटी कोणत्याही देशात जावो.

उरतो तो सर्वात जुना आणि सर्वात गुंतागुंतीचा निर्बंध, खुद्द चहाच्या आयातीवरचा. बेटावर न होणारे काही प्रकार वगळता बाहेरचा साधा काळा चहा आणून, स्थानिक चहात मिसळून पुन्हा निर्यात करण्यास श्रीलंकेत मोकळीक नाही. निर्यातदारांच्या संघटनेने वर्षानुवर्षे अशी मोकळीक मागितली आहे. त्यांचा युक्तिवाद कमकुवत नाही: दुबईत चहाचे एकही झुडूप नाही, तरी २००५ पासून जेबेल अलीच्या मुक्त क्षेत्रात अनेक देशांचा चहा येऊन मिसळला आणि भरला जातो, आणि कोलंबोकडे दीड शतकाचे चव पारखण्याचे कौशल्य असूनही तो व्यवसाय तिकडे गेला. याच्या विरुद्ध टोकाला दिलमा या कंपनीचे संस्थापक मेरिल फर्नांडो शेवटपर्यंत उभे राहिले. स्वस्त चहाची भेसळ सुरू झाली की ‘सिलोन टी’ या नावाचा अर्थच नाहीसा होईल, असे त्यांचे मत होते, आणि लहान शेतकऱ्यांच्या संघटनाही त्याच बाजूच्या आहेत, कारण आयात झाली की लिलावातला त्यांचा भाव पडेल ही भीती रास्त आहे.

या वादात शेतकऱ्यांची बाजू अधिक वजनदार आहे, परंतु एका अटीवर. खत, तणनाशक, कीटकनाशक यांवरील बंदी उत्पादनाची साधनेच काढून घेते आणि बदल्यात काही देत नाही. चहाच्या आयातीवरील निर्बंध निदान एका नावाचे रक्षण करतो, ज्याला जगात वेगळा भाव मिळतो. म्हणून सर्व आयातनिर्बंध एका मापाने मोजणे चूक आहे. मात्र नाव जपायचे तर त्या नावाचा माल पुरेसा आणि चांगला निघाला पाहिजे, आणि नेमकी तीच गोष्ट दशकभरात बिघडत गेली. २०१३ मध्ये उत्पादन ३४ कोटी किलो या विक्रमी पातळीवर होते. बंदी उठून तीन वर्षे झाल्यावरही, २०२४ मध्ये, ते सुमारे २६.२ कोटींपर्यंतच चढले. उपाशी राहिलेली झुडपे खत मिळताच उभी राहत नाहीत, छाटणी आणि फुटव्याचे चक्र बसायला वर्षे जातात, म्हाताऱ्या मळ्यांची पुनर्लागवड लांबणीवर पडलेली आहे आणि रत्नपुऱ्याच्या शेतकऱ्याला खताचे पोते अजून २०२१ पूर्वीपेक्षा महागच पडते. कोलंबोचे निर्यातदार आता आयातीची मागणी पुन्हा करतात तेव्हा ते जेबेल अलीचे उदाहरण देतातच, पण त्याआधी लिलावाला आलेल्या मालाचे आकडे पुढे ठेवतात.