छपराची जबाबदारी कोणाची?



भिवंडींत यंत्रमागांचा खडखडाट रात्रींहि थांबत नाहीं. पाळी संपवून आलेला मजूर ज्या अंथरुणावर अंग टाकतो, तें पुष्कळदां दुसऱ्यानें नुकतेंच सोडलेलें असतें. जेवण ‘भिस्सी’ नांवाच्या खानावळींत, आणि निवारा भाड्याच्या दाटीवाटीच्या खोलींत. दूरदूरच्या बाजारांस कापड पुरविणाऱ्या या गांवांत तें विणणाराच्या छपराचा मात्र भरंवसा नाहीं.

२१ सप्टेंबर २०२० रोजीं पहांटे येथील पटेल कंपाउंडमधील ‘जिलानी’ ही तीन मजली इमारत कोसळली. रहिवासी गाढ झोपेंत होते. पस्तीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत लहान मुलेंहि होतीं. इमारत धोकादायक असल्याची नोटीस पूर्वींच दिली होती, असें पालिकेकडून त्या वेळीं सांगण्यांत आलें.

पण अशी नोटीस लागल्यावरहि माणसें घर सोडीत नाहींत, तें कां? मूर्खपणानें खास नव्हे. तेवढ्याच भाड्यांत, कामावर पायीं जातां येईल अशा अंतरावर, दुसरी खोली मिळत नाहीं म्हणून.

याविषयीं तरुण मंडळींत दोन मतें ऐकूं येतात. घर ज्याचें त्यानें काटकसर करून, कर्ज काढून मिळवावें, हें एक. घर देणें हें सरकारचेंच काम, हें दुसरें. पहिल्या मतांत स्वाभिमान आहे. परंतु कापडाच्या मापावर मजुरी घेणाऱ्या, नेमणुकीचा कागदहि नसलेल्या विणकराला कर्ज देणार कोण? दुसऱ्या मतांत न्याय आहे. परंतु सरकारनें नुसत्या भिंती उभारून भागत नाहीं, हें मुंबईनें अनुभविलें आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें मुंबईंत सुधारणा ट्रस्ट निघाला. त्यानें कोंदट वस्त्या पाडल्या. पण उठविलेल्यांस पुरतील इतकीं घरें वेळेवर झालीं नाहींत, आणि शेजारच्या वस्त्या अधिकच दाटल्या. १९२० मध्यें विकास खातें निघालें. वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथील बी. डी. डी. चाळी त्याच खात्याच्या. खर्चासाठीं शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसविला. ज्या धंद्यास मजूर हवा, त्यानें मजुराच्या घराचा भार उचलावा, हें तत्त्व रास्तच होतें. चुकलें तें गणित: सुमारें १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांचें भाडेंहि अनेक मजुरांस झेपेना, आणि आरंभीं कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या.

तेव्हां जबाबदारी एकाची नव्हे. पण ‘सर्वांची’ म्हणून ती कोणाचीच नाहीं, असेंहि होतां कामा नये. वांटे स्पष्ट हवेत. जमीन आणि देखरेख शासनाची व पालिकेची. नोटिशीबरोबर पर्यायी निवारा दाखविल्याखेरीज त्यांचें कर्तव्य पुरें होत नाहीं. मजुरीला पेलेल असें भाडें ठेवण्यासाठीं लागणारी भर, ज्या धंद्यांना त्या श्रमांचा नफा मिळतो त्यांची. आणि तरुणांकडे संघटनेचा वांटा: गांवदेवीच्या सारस्वत सहकारी गृहसंस्थेनें १९१५ मध्येंच मध्यमवर्गास ही वाट दाखविली, ती मजुरांपर्यंत नेणें हें सुशिक्षित तरुणांचें काम.

आपल्या घरांतील चादर भिवंडीच्या मागावरची असेल. दाराशीं येणारें पार्सल तेथल्या गोदामांतून निघालें असेल. मग ‘त्यांच्या छपराशीं माझा काय संबंध?’ असें म्हणण्याचा अधिकार आपणांस उरतो काय?