मंडळीच्या वार्ता कोणासाठी? तरंगंबाडी-तंजावरची लुथरन परंपरा आणि मराठी 'ज्ञानोदय'

प्रस्तावना :

प्रादेशिक इतिहासाची साधने म्हटली की बखरी, मोडी कागद, सनदा, शिलालेख आणि अलीकडच्या काळात सहकारी संस्थांची दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. चर्चमध्ये रविवारी वाचून दाखविली जाणारी सूचना, फलकावर लावलेली विवाहाची पुकार, बाप्तिस्म्याची नोंदवही किंवा मिशनने परदेशी पाठविलेला अहवाल यांकडे मात्र आपल्या महाविद्यालयीन संशोधनात साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. पाहिले गेले तरी ही सारी कागदपत्रे 'मिशनरी साहित्य' या एकाच सदरात टाकली जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच गफलत होते. बाहेरच्या देणगीदारास कळविलेली वार्ता आणि आतल्या सभासदास दिलेली सूचना या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ख्रिस्ती मंडळीचा सामाजिक इतिहास लिहावयाचा झाल्यास हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

बिद्री परिसरातील वाचकास हा भेद समजणे अवघड नाही. साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालातून गाळप किती झाले, उतारा किती पडला, कर्ज किती फिटले हे कळते. तोड केव्हा येणार, बिल केव्हा जमा होणार हे मात्र चिटबॉयच्या निरोपावरून किंवा फलकावरील नोटिशीवरून कळते. दोन्ही कागद खरेच असतात. परंतु एकात संस्था दिसते आणि दुसऱ्यात त्या संस्थेवर अवलंबून असणारा माणूस दिसतो.

या विवेचनासाठी लुथरन मंडळीचे उदाहरण घेतले आहे. प्रॉटेस्टंट पंथांपैकी भारतात पहिले संघटित मिशन लुथरनांचे होते आणि त्यांची वार्तापत्रेही सर्वांत जुनी आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात 'लुथरन' हा शब्द फारसा परिचित नाही. येथील कार्य १८५२ मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी सुरू केले व १८७० मध्ये ते प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. कोल्हापुराच्या दक्षिणेस धारवाड-हुबळीकडे लुथरन व रिफॉर्म्ड या दोन्ही परंपरांतून आलेल्या बासेल मिशनचे क्षेत्र होते. मिशन संस्थांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतल्यामुळे शेजारच्या जिल्ह्यांतही पंथ असे बदलत गेले. असे असले तरी मराठी माणसाचा लुथरनांशी जवळचा संबंध आलाच. तो महाराष्ट्रात नव्हे, तर तंजावरच्या मराठी राज्यात.

तरंगंबाडी : बाहेर जाणारी वार्ता

९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेऊस झीगेनबाल्ग आणि हाइन्रिश प्ल्युत्शाऊ हे दोन जर्मन लुथरन धर्मोपदेशक डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने तरंगंबाडीस उतरले. हे बंदर डॅनिश कंपनीच्या ताब्यात होते. सभोवतालचा मुलूख मात्र तंजावरच्या भोसल्यांचा होता आणि गादीवर शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) होते. म्हणजे भारतातील पहिली लुथरन मंडळी मराठी राज्याच्या उंबरठ्यावर वाढली, असे म्हणण्यास हरकत नाही. तिची भाषा अर्थातच तमिळ होती. झीगेनबाल्गने तमिळ शिकून नव्या कराराचे भाषांतर केले आणि ते तरंगंबाडीच्याच छापखान्यात १७१४-१५ मध्ये छापून झाले.

या दोघांची पत्रे जर्मनीतील हाले येथे ऑगस्ट हेर्मान फ्रँके यांच्याकडे जात. १७१० पासून ती 'हालेची वृत्ते' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तिकांच्या रूपाने छापली जाऊ लागली आणि पुढे अनेक दशके हे प्रकाशन चालू राहिले. शाळेत मुले किती, बाप्तिस्मे किती, कोणत्या गावी कोणाशी संवाद झाला, पैशाची निकड काय, असा मजकूर त्यांत असे. युरोपातील भाविक तो वाचून देणगी पाठवीत. आजच्या भाषेत यास निधी-संकलनाचे वार्तापत्र म्हणता येईल.

हे वार्तापत्र निवडून-वेचून छापले जाई, ही गोष्ट महत्त्वाची आहे. झीगेनबाल्गने १७१३ मध्ये दक्षिण भारतातील देवदेवतांची वंशावळ सांगणारा मोठा ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहून जर्मनीस पाठविला. फ्रँके यांना तो छापणे उचित वाटले नाही. मिशनऱ्याने परधर्माचे उच्चाटन करावे, त्याची माहिती युरोपात पसरवू नये, अशी त्यामागील भूमिका होती. अखेर हा ग्रंथ १८६७ मध्ये, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी, मद्रास येथे प्रकाशित झाला. स्थानिक पंडितांजवळ बसून त्यांचे म्हणणे टिपून घेणारा झीगेनबाल्ग वृत्तांच्या वाचकास अर्धामुर्धाच दिसला. केवळ छापील अहवालावर विसंबून मिशनऱ्यांना सरसकट अज्ञानी ठरविणारे आणि सरसकट गौरविणारे असे दोन्ही अभ्यासक येथे फसतात. दोघांच्याही हाती आलेला असतो तो संपादकाने चाळून दिलेला मजकूर.

तंजावर : श्वार्ट्झ आणि सरफोजीराजे

लुथरन मिशनचा मराठी दरबाराशी घनिष्ठ संबंध आला तो क्रिस्टियान फ्रीड्रिश श्वार्ट्झ यांच्यामुळे. १७५० मध्ये भारतात आलेले श्वार्ट्झ पुढे तंजावरी स्थायिक झाले. हैदरअलीच्या स्वाऱ्यांनी मुलूख उजाड झाला, शेतकरी गावे सोडून गेले, तेव्हा श्वार्ट्झ यांनी भाताची खरेदी करून उपाशी लोकांना धान्य पुरविले. दरबाराच्या शब्दावर रयतेचा विश्वास उरला नव्हता. श्वार्ट्झ यांच्या शब्दावर मात्र हजारो शेतकरी जमिनीवर परतले. १७८७ मध्ये मृत्युसमयी तुळजाराजांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी यास त्यांच्या देखरेखीखाली सोपविले. श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजांनी आपल्या गुरूसाठी इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मरणशय्येवरील पाद्री आणि त्याचा हात धरून उभा असलेला मराठी राजा हे त्यातील दृश्य आहे.

सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नाहीत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांनी गुरूकडून घेतली ती विद्या. त्यांच्या छापखान्यात १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' हे इसापनीतीच्या कथांचे मराठी पुस्तक देवनागरी लिपीत छापले गेले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्यास मानाचे स्थान आहे. बाप्तिस्म्यांची संख्या मोजणाऱ्या अहवालास मात्र या फलिताची गणती करता येत नाही. त्यासाठी तेथे रकानाच नसतो.

आतला आवाज

आता मंडळीच्या आत काय चालले होते ते पाहू. श्वार्ट्झ यांचे शिष्य वेदनायगम शास्त्री (१७७४ ते १८६४) हे तमिळ ख्रिस्ती कवी सरफोजीराजांचे स्नेही होते. त्यांची गीते आजही तमिळ चर्चमधून गायिली जातात. १८२० च्या दशकात नव्याने आलेल्या मिशनऱ्यांनी उपासनेतील जुन्या पद्धती बदलण्याचा आणि जातवार आसने मोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा शास्त्रींनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. तंजावरच्या चर्चमध्ये वेळ्ळाळ ख्रिस्ती आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील ख्रिस्ती वेगवेगळे बसत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जातिभेद पाळू नये असे फर्मान काढले आणि अनेक वेळ्ळाळ कुटुंबे मंडळीपासून दुरावली.

शास्त्रींची भूमिका आजच्या वाचकास रुचणार नाही, प्रस्तुत लेखकासही ती रुचत नाही. तथापि तिचे ऐतिहासिक मोल नाकारता येत नाही. परदेशी मिशनऱ्याने आपल्या चालीरीती न विचारता बदलाव्यात काय, हा त्यांचा प्रश्न होता. आणि त्या चालीरीतींतच शेजारच्या बांधवाचा अपमान दडलेला होता. स्थानिकांचा आवाज म्हणजे आपोआप न्यायाचा आवाज, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

'ज्ञानोदय' : मराठीतील मंडळीचे पत्र

मराठीत या आतल्या आवाजास छापील जागा मिळाली ती 'ज्ञानोदय'मध्ये. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे हे नियतकालिक सुरू केले. हे मिशन लुथरन नव्हते, काँग्रिगेशनल परंपरेतील होते. (पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, बासेल मिशनच्या हेर्मान म्योग्लिंग यांनी 'मंगळूर समाचार' हे कन्नडमधील पहिले वृत्तपत्र काढले, ही नोंद कोल्हापूर-बेळगावच्या वाचकास रोचक वाटेल.) हालेच्या वृत्तांशी तुलना करता 'ज्ञानोदय'चे वेगळेपण त्याच्या भाषेत आहे. ते मराठीत निघत असल्याने त्याचा वाचक अहमदनगर, पुणे, मुंबई येथे होता. मंडळीतील माणसे ते वाचीत, तसे मंडळीचे विरोधकही वाचीत. चुकीची बातमी दिली तर दुसऱ्याच आठवड्यात कोणी तरी दारात उभे राहणार, हे संपादकास ठाऊक असे. हालेच्या संपादकास हे भय नव्हते.

१८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या पत्रात फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती ख्रिस्ती मंडळीची सभासद नव्हती. तरीही तिच्या शब्दांना जागा मिळाली ती या पत्रात. तंजावरला ज्या प्रश्नावर मंडळी दुभंगली, त्याच प्रश्नावर बावीस वर्षांनी एका शाळकरी मुलीचा सवाल छापील मराठीत उमटला, हा योगायोग नाही. जातीचा प्रश्न मिशनच्या प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक उपासनागृहात बसायच्या जागेपासूनच सुरू होत असे. पुढे बाबा पदमनजी, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासारख्यांनी या पत्राच्या संपादनात भाग घेतला आणि मिशनचे पत्र हळूहळू मराठी ख्रिस्ती समाजाचे पत्र बनले.

येणारे कार्यक्रम : सूचनेचे स्वरूप

गतवृत्तांइतकीच आगामी कार्यक्रमांची सूचनाही बोलकी असते. लुथरन मंडळीचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाने ते सुरू होते. पुढे नाताळ, ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर आणि पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट असा क्रम येतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टर. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर तो बहुधा फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेनंतर लगेच येतो. ३१ ऑक्टोबर हा धर्मसुधारणा-दिन. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध पंच्याण्णव प्रबंध मांडले, त्याचे स्मरण या दिवशी होते. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्चच्या दिनदर्शिकेत ९ जुलै या तरंगंबाडीच्या तारखेसही स्थान आहे. २००६ मध्ये त्या आगमनाची तीनशे वर्षे साजरी झाली, तर २०१७ मध्ये धर्मसुधारणेची पाचशे वर्षे. त्याच वर्षी झीगेनबाल्गच्या तरंगंबाडीतील घरात संग्रहालयही उघडले.

मोठे सण सर्वत्र सारखेच असतात. इतिहासाच्या अभ्यासकास अधिक उपयोग होतो तो लहान सूचनांचा. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ अन्वये परवानाधारक धर्मोपदेशकाकडे विवाहाची लेखी सूचना द्यावी लागते आणि विवाह चर्चमध्ये व्हावयाचा असल्यास ती तेथे ठळक जागी लावावी लागते. त्या एका कागदावर वधूवरांची नावे, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण असते. अशा शंभर कागदांवरून माणसे कोणत्या गावांतून कोठे गेली, शेतमजुरीतून शिक्षकी पेशात किंवा परिचारिकेच्या कामात केव्हा आली, हे कळू शकते. दफनाच्या नोंदवहीतून साथीची वर्षे दिसतात. उपकारस्तुतीच्या सणास कोणी धान्य आणले, कोणी कोंबडी, कोणी रोख रक्कम, यावरून शेतीशी असलेला संबंध सुटत चालल्याचे दिसते. यांपैकी काहीही परदेशी गेलेल्या अहवालात त्या तपशिलाने येत नाही. कारण अहवालाच्या वाचकास त्याची गरज नव्हती.

कोल्हापूर जिल्ह्यातील साधने

कोल्हापूरच्या बाबतीत बाहेरची वार्ता मुबलक आहे. स्वतः वाइल्डर यांनी स्वदेशी परतल्यावर १८७८ मध्ये मिशनविषयक मासिक काढले. कोल्हापूर, कोडोली, पन्हाळा, सांगली, मिरज या ठाण्यांविषयीचे प्रेसबिटेरियन मिशनचे छापील अहवाल अमेरिकेतील ग्रंथालयांत जपले गेले आहेत आणि त्यांतील काही आता संगणकावरही वाचता येतात. मिरजेच्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या वैद्यकीय कार्याचा इतिहास अभ्यासकास ज्ञात आहे, त्यामागे या अहवालांचा मोठा वाटा आहे.

आतली वार्ता मात्र स्थानिक मंडळ्यांच्या कपाटांत आहे. ती हस्तलिखित आहे, एकेका प्रतीतच आहे आणि पावसाळी दमट हवेत आहे. महाविद्यालयाच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांनी मंडळीच्या पंचांची अनुमती घेऊन या नोंदवह्यांची छायाचित्रे घेण्याचे काम हाती घ्यावयास हवे. खाजगी व्यक्तींची नावे प्रसिद्ध न करण्याची अट त्यासाठी प्रथमच मान्य करावी लागेल. नोंदवही मंडळीची आहे. अभ्यासक हा तेथे पाहुणा असतो. विद्यार्थ्यांनी आरंभ जुन्या वह्यांपासून न करता चालू वर्षाच्या सूचनाफलकापासून करणे अधिक सोयीचे पडेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होते, तेव्हाच आगमनकाळाच्या आणि नाताळाच्या कार्यक्रमांच्या सूचना लागू लागतात. एका हंगामाच्या सूचना क्रमवार टिपून ठेवल्या आणि त्याच मंडळीच्या छापील वार्षिक वृत्ताशेजारी ठेवल्या, तर कोणती माणसे एकात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, हे मार्चअखेरीस त्यांना स्वतःच मोजता येईल.