साधना कट

साधना कट ही कपाळावर भुवयांपर्यंत येतील असे पुढचे केस कापून केली जाणारी केशरचना आहे. १९६०च्या दशकात ती भारतभर लोकप्रिय झाली. हिंदी चित्रपट-अभिनेत्री साधना शिवदासानी (२ सप्टेंबर, १९४१ - २५ डिसेंबर, २०१५) यांच्यावरून तिला हे नाव मिळाले.

उगम

साधना यांचे कपाळ रुंद होते. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) या चित्रपटासाठी ते झाकले जावे, म्हणून दिग्दर्शक आर.के. नय्यर यांनी हॉलिवूड-अभिनेत्री ऑड्री हेपबर्न यांच्यासारखे केस कापण्याची सूचना केली. उणीव लपवण्यासाठी केलेला हा उपाय पुढे साधना यांची ओळख ठरला.

चेहऱ्याचा आकार व उपयुक्तता

चेहऱ्याची लांबी केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत जाणवते. कपाळ झाकले गेले की ही लांबी कमी भासते व लक्ष डोळ्यांकडे वेधले जाते. त्यामुळे लांबट चेहरा किंवा मोठे कपाळ असल्यास ही रचना शोभून दिसते. गोल चेहरा मात्र तिच्यामुळे अधिक रुंद भासू शकतो. अशा वेळी पुढचे केस तिरके वळवून कपाळाचा काही भाग मोकळा ठेवतात. कुरळे केस वाळल्यावर आखडतात, म्हणून ते थोडे लांब राखून कापावे लागतात. केस दरमहा सुमारे १ सेंटिमीटर वाढत असल्याने पुढचे केस वारंवार कापून घ्यावे लागतात.