समुद्राकडे पाठ केलेलं गाव

पुण्याच्या कसबा पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या पन्हळीतून पावसाचं पाणी गळलं आणि वाहत वाहत मुठेला मिळालं, तर पुढे ते कुठे जातं? अरबी समुद्र इथून पश्चिमेला सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. पण ते तिकडे फिरकतही नाही. संगमावर मुळेला भेटून पूर्वेची वाट धरतं, भीमेत शिरतं, उजनीच्या धरणात रेंगाळतं, पंढरपूरवरून रायचूरच्या बाजूला कृष्णेत उतरतं. मग श्रीशैलम, नागार्जुनसागर, आणि शेवटी आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालचा उपसागर. मागच्या दाराशी समुद्र असताना हजार किलोमीटरहून लांबचा गाठायचा!

ही सगळी करणी सह्याद्रीची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचं हे पठार कोकणच्या अंगाला कड्यासारखं तुटलेलं आहे आणि पूर्वेला हलकेच उतरतं. ढगही त्याच कड्याला अडतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि कड्यापासून आत आलं की पुण्यात सातशेच्या आसपास. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या इ.स. ७६८च्या ताम्रपटात या मुलखाला ‘पूनक विषय’ म्हटलं आहे. कसबा पेठ हा त्या जुन्या वस्तीचा गाभा. नेपाळ-भूतानला समुद्र नाही हे आपण भूगोलात शिकतो. पण घाटांत गाडीरस्ते नव्हते तेव्हा पुणंही जवळपास तसंच होतं.

अशा मुलखात मिठापासून सगळं वर चढवून आणावं लागतं. तिबेटचं मीठ मेंढ्या-याकांच्या पाठीवरून नेपाळात यायचं आणि बदल्यात धान्य जायचं. इकडे कोकणातल्या मिठागरांचं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढायचं. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३०मध्ये खुला झाला आणि रेल्वेने पूर्ण घाट ओलांडला तो १८६३मध्ये.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते तांबट आळीचं. पुण्याच्या आसपास तांब्याची खाण नाही आणि कथलाचीही नाही. तरी कसब्यात अख्खी आळी तांब्यावर उभी राहिली. हे कारागीर, त्वष्टा कासार, मूळचे कोकणातले. पेशवाईत वर आले आणि इथलेच झाले. धातू यायचा तो बाहेरूनच. सतराव्या-अठराव्या शतकांत डच ईस्ट इंडिया कंपनी जपानी तांबं जहाजांत भरून सुरतेसारख्या बंदरांत विकत होती. त्यातलं थोडं तरी घाट चढून या आळीत ठोकलं गेलं असेल, अशी कल्पना करायचा मोह मला आवरत नाही.

आळीतला ठकठक आवाज म्हणजे मठारकाम. तापवून मऊ केलेलं तांबं हाताने वाकेल इतकं नरम असतं. त्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचे घाव एकाला एक लागून बसतात, तसे आतले स्फटिक दाबले जातात, एकमेकांत अडकतात, आणि पत्रा कडक होतो. घंगाळ्यावरच्या चमकत्या ठिपक्यांना आपण नक्षी म्हणतो. खरं तर ती भांड्याची ताकद असते. त्यांच्यामुळेच पातळ पत्र्याचा हंडा भरून उचलला तरी चेपत नाही.

स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कल्हई हवीच, कारण चिंच-आमसुलाचं आंबट तांब्याला खातं आणि पदार्थ कळकतो. कथील २३२ अंशांवर वितळतं, तांबं १०८५वर. या फरकावरच कल्हईवाल्याचं पोट चालतं. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठतो, आणि कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवलं की क्षणात आरसा होतो.

आता ताटाकडे वळू. देशावरच्या काळ्या आणि गोड्या मसाल्यात सुकं खोबरं असतं. कोकणातल्या वाटपात ओला नारळ. आवडीनिवडी मागाहून आल्या असाव्यात. आधी प्रश्न टिकण्याचा होता. फोडलेल्या नारळाचा खव एका दिवसात आंबतो, खोबऱ्याच्या वाट्या मात्र महिनोन्‌महिने राहतात आणि बैलाच्या पाठीवर कुरकुर करत नाहीत. मोदकांतही हेच. तांदळाच्या उकडीत ओला नारळ हा कोकणचा थाट, तर कणकेच्या पारीत सुक्या खोबऱ्याचं सारण भरून तळलेला मोदक देशावरचा. जिजाबाईंनी ज्याचं देऊळ उभारलं त्या ग्रामदैवत कसबा गणपतीला दोन्ही चालतात, आणि पुणेकर कोणता खरा यावर आजही तावातावाने बोलतात. मी तळणीच्या बाजूचा.

मासळीनेही सुकूनच घाट चढला. सुके बोंबील, सुकट, जवळा. वाळलेल्या माशाचं पाणी गेलेलं, कधी वर मिठाचा हात, त्यामुळे कुजवणाऱ्या जिवाणूंना त्यात वाढताच येत नाही. पावसाळ्याआधी भरून ठेवले की बाजरीच्या भाकरीबरोबर चार महिने निघतात. आज बर्फात दाबलेली ताजी मासळी रात्रीतून पुण्यात पोहोचते. कसब्यापासून जवळच गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सुरमई-पापलेटचे ढीग लागतात. तरी सुक्या मासळीची गिऱ्हाइकं काही सुटत नाहीत. पाऊस लागला की तव्यावर बोंबील पडतात, आणि शेजारचा शाकाहारी माणूस निमूट खिडकी लावून घेतो.