कोंबड्यांच्या रोगाची वंशावळ

आमच्या पोशेऱ्याच्या पाड्यांवर चार गावठी कोंबड्या नाहीत असे घर विरळाच. पाहुणा येवो, की मुलाची वह्या-पुस्तके घ्यावयाची असोत, आठवण त्यांचीच होते. म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लूने कोंबड्या दगावल्या व पुढे हजारो मारून पुराव्या लागल्या, तेव्हा हा रोग येतो कोठून, असा प्रश्न पालकांच्या मनी उद्भवणे साहजिक होते.

ह्याचे उत्तर पुष्कळ अंशी विषाणूच्या अंगीच लिहिलेले असते. त्याचा मजकूर आठ तुकड्यांत असून अक्षरे सुमारे साडेतेरा हजार भरतात. प्रकार मात्र चारच. कोंबडीच्या देहात ह्या मजकुराच्या असंख्य नकला होतात व त्यांत चुका राहतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या शेकडो पोथ्या पंडितांनी ताडून पाहिल्या. दोन पोथ्यांत तीच ती चूक आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान निघते. विषाणूंविषयीही शास्त्रज्ञ हेच करतात.

भारतात एच५एन१ प्रथम आढळला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर येथे, फेब्रुवारी २००६ मध्ये. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले. पुढे अक्षरे ताडता असे दिसले की, २००५ साली चीनमधील चिंगहाई सरोवरावर ज्याने रानहंस मेले, त्याच शाखेचा हा वंशज. हीच शाखा युरोप व आफ्रिकेतही पोहोचली होती. तथापि त्यास येथे पक्ष्यांनी आणिले की व्यापाराने, हे वंशावळ सांगत नाही. ती नाते सांगते, वाहक नव्हे.

आणखी एक गुंता आहे. एकाच बदकास दोन जातींचे विषाणू झाले, तर आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू निपजतो. म्हणून एकच तुकडा वाचून भागत नाही.

परंतु वाचावयास प्रत हवी ना! कोंबड्या एकाएकी मरू लागल्या असता त्या ओढ्यात टाकिल्या, तर तेवढे पान कायमचे गळाले. त्यांस उघड्या हातांनी न शिवता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. नमुना तेथून पुढे पाठविला जातो. मेलेली वा आजारी कोंबडी खाऊ नये. निरोगी कोंबडी नीट शिजविली असता भय नाही. इतक्या उष्णतेत हा विषाणू तग धरीत नाही.