नौली, दाबमापक आणि लोणावळा

सन 1920-21च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरण यंत्रापुढे योगाभ्यासी माणसं उभी राहू लागली. श्वास पूर्ण सोडायचा, पोट आत ओढून उड्डियान बंध लावायचा आणि तेवढ्यात आतल्या अवयवांचं चित्र घ्यायचं. हा उद्योग मांडला होता जगन्नाथ गणेश गुणे यांनी. संस्कृतचे विद्वान, अमळनेरला शिक्षकी केलेले, माणिकरावांच्या बडोद्याच्या आखाड्यात घडलेले आणि नर्मदाकाठच्या माळसरला माधवदासजींकडे योग शिकलेले गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. योगाचा गुण त्यांनी स्वतः अनुभवला होता. तो कशामुळे येतो, हे त्यांना शोधायचं होतं.

बस्ती या हठयोगातल्या शुद्धिक्रियेचंच पाहा. साधक नाभीपर्यंत पाण्यात बसतो, गुदद्वारात नळी घालतो आणि नौली करून पाणी वर ओढतो, असं हठयोगाचे ग्रंथ सांगतात. पंप नाही, पिचकारी नाही, मग पाणी चढतं कसं? कुवलयानंदांनी साधकाच्या मोठ्या आतड्यातला दाब पाऱ्याच्या दाबमापकाने मोजला. पोटाचे उभे स्नायू मध्यभागी आवळून नौली लागली, की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होत होता. बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो, एवढं साधं भौतिकशास्त्र त्यामागे आहे. या निर्वाताला त्यांनी गुरूंचंच नाव दिलं. 1924मध्ये लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ उभं राहिलं आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून प्रयोगांचे तपशील छापून येऊ लागले. श्रद्धेच्या विषयातली आकडेवारी अशी चारचौघांसमोर तपासायला ठेवणं, हे त्या काळी धाडसाचं होतं.

असं मोजमाप दर वेळी दाव्याच्या बाजूने कौल देत नाही.

योगी हृदय थांबवतात, अशी ख्याती होती. 1935मध्ये फ्रेंच डॉक्टर तेरेझ ब्रॉस भारतात इसीजीचं यंत्र घेऊन आल्या आणि त्यांच्या नोंदींनी या समजाला बळच मिळालं. पुढे अमेरिकेचे वेंगर व बागची आणि दिल्लीच्या ‘एम्स’चे डॉ. आनंद यांनी पुन्हा तपासणी करून 1961मध्ये निष्कर्ष छापले. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले, की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. नाडी बोटाला लागेनाशी होते, ठोके ऐकू येत नाहीत, पण इसीजीची रेघ हलतच राहते. हृदय थांबलेलं नव्हतं. शरीरावरचा असा ताबा मात्र खरा होता, आणि तो वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय येत नाही.

आताचा प्रश्न जास्त निकडीचा आहे. एखाद्या लहान गावातल्या माणसाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला, तर पुनर्वसनासाठी वारंवार शहर गाठणं त्याला परवडत नाही. अशा रुग्णांना योगाचा आधार होईल का, हे पाहण्यासाठी भारतातल्या 24 रुग्णालयांतल्या 3,959 रुग्णांवर ‘योगा-केअर’ ही चाचणी झाली. कोणाला योगवर्ग आणि कोणाला नेहमीचा सल्ला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. 2020मध्ये निकाल आला. योग करणाऱ्यांना आपली तब्येत थोडी अधिक बरी वाटत होती आणि पूर्वीच्या कामांकडेही ते अधिक चांगले परतले होते. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तातडीने रुग्णालयात भरती होणं, यांत मात्र दोन्ही गटांत खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही.

दहा किंवा त्याहून जास्त वर्गांना आलेल्यांमध्ये अशा घटना कमी होत्या. पण नियमित येणारा रुग्ण मुळातच जरा सुदृढ असू शकतो, औषधंही वेळेवर घेत असू शकतो. त्यामुळे त्याचं सगळं श्रेय योगाला देता येत नाही. तेवढं वेगळं काढायचं, तर रुग्ण वर्गाला टिकून राहतील अशी सोय करून नवी चाचणी घ्यावी लागेल.