मण गेला, एकर राहिला!

गोंदिया : जिल्ह्याच्या पूर्वेला छत्तीसगड आणि उत्तरेला मध्य प्रदेश. सीमेच्या दोन्ही बाजूंना पीक एकच, ते म्हणजे धान. त्यामुळे पलीकडचे सरकार धानाला काय देते, याची चर्चा सालेकसा, आमगाव, देवरी या सीमेलगतच्या तालुक्यांत दर हंगामात रंगते. २०२३-२४ च्या खरीप हंगामासाठी महाराष्ट्र शासनाने धान उत्पादकांना दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी २० हजार रुपयांची प्रोत्साहनपर मदत जाहीर केली. त्याच हंगामात छत्तीसगड शासनाने साधारण धानाच्या २ हजार १८३ रुपये हमीभावावर क्विंटलमागे ९१७ रुपये अधिक दिले. त्यासाठी एकरी २१ क्विंटलची मर्यादा होती. म्हणजे एकरी जास्तीत जास्त १९ हजार २५७ रुपये.

वरवर ऐकणाऱ्याला इकडचे २० हजार आणि तिकडचे १९ हजार जवळपास सारखेच वाटतात. प्रत्यक्षात एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. त्या हिशेबाने इकडची मदत एकरी ८ हजार ९४ रुपये होते, तर तिकडची कमाल रक्कम हेक्टरी ४७ हजार ५०० रुपयांच्या घरात जाते. दोन्ही योजनांची रचना वेगळी आहे आणि कोणती योग्य, हा धोरणाचा प्रश्न आहे. परंतु तुलना करण्यासाठी आधी दोन्ही आकडे एकाच मापात असावे लागतात. नेमके तेच इथे होत नाही. दशमान पद्धतीचा कायदा होऊन जवळपास सात दशके उलटली, तरी कागदावर हेक्टर आणि तोंडात एकर, अशी दुहेरी व्यवस्था कायम आहे.

जगातील सर्व देशांनी फूट, पौंड, एकर, गॅलन ही ब्रिटिशकालीन ‘इम्पीरियल’ मापे सोडून मीटर-किलोग्रॅमची दशमान पद्धत स्वीकारावी काय, हा वाद अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अधूनमधून डोके वर काढतो. भारताने त्याचे उत्तर कधीच दिले आहे. मात्र ते उत्तर कुठे पूर्णत्वास गेले आणि कुठे अर्ध्यावर थांबले, हे पाहायचे तर धानाच्या या जिल्ह्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मण एक, वजने अनेक

दशमान पद्धतीपूर्वी देशात एकच एक माप नव्हते, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. सरकारी प्रमाण मण ४० शेरांचा, म्हणजे ३,२०० तोळ्यांचा. आजच्या हिशेबाने ३७.३२ किलोचा. मुंबईचा मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलोचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा, ११.३४ किलोचा. नाव एक आणि वजने तीन. गावोगावच्या बाजारांत तर खंडी, कुडव, पायली, शेर यांचे हिशेब आणखी निराळे होते. धान्य मापाने भरून घ्यायचे की वजनाने तोलून घ्यायचे, माप शिगोशीग भरायचे की सपाट करायचे, याचेही ठिकठिकाणचे रिवाज वेगळे.

या गोंधळात नुकसान होते ते दुबळ्या पक्षाचे. चार बाजार हिंडणाऱ्या व्यापाऱ्याला प्रत्येक ठिकाणच्या मणाचे मर्म ठाऊक असते; वर्षातून एकदा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला ते नसते. म्हणून मापांचे एकीकरण हा केवळ शास्त्रज्ञांचा हट्ट नव्हता, तर व्यवहारातील न्यायाचा प्रश्न होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर जन्माला आला, तोही प्रांतोप्रांतीच्या वेगवेगळ्या मापांना विटलेल्या समाजाच्या मागणीतून.

मीटर आधी रुळांवर

भारतात दशमान पद्धत स्वातंत्र्यानंतर आली, ही समजूत अर्धीच खरी आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या काळात, १८७० मध्ये, किलोग्रॅमवर आधारित वजनांचा कायदा झाला होता. १८७१ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही आली. १८७२ मध्ये अंदमानात मेयो यांची हत्या झाली आणि पुढे तो कायदा कागदावरच राहिला. मात्र त्याची एक खूण लोखंडात उतरली. त्याच सुमारास कमी खर्चाच्या रेल्वेमार्गांसाठी रुळांमधील अंतर ठरवले जात होते. देश लवकरच दशमान पद्धतीकडे जाणार, या अपेक्षेने ते अंतर नेमके एक मीटर धरण्यात आले आणि ‘मीटरगेज’ हा शब्द रूढ झाला.

१८८० च्या दशकाच्या प्रारंभी नागपूरहून राजनांदगावकडे गेलेला नागपूर-छत्तीसगड रेल्वेमार्ग या मीटरगेजचाच होता. म्हणजे या परिसरात किलो येण्याच्या सुमारे पाऊणशे वर्षे आधी मीटर येऊन पोहोचला होता. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो मार्ग ताब्यात घेऊन साडेपाच फुटी ब्रॉडगेजमध्ये बदलला. मीटर आला आणि गेलाही. कायद्याचे आणि व्यापाराचे पाठबळ नसलेले माप टिकत नाही, हा त्यातील धडा. आज तेच साडेपाच फूट रेल्वेच्या दप्तरात १,६७६ मिलिमीटर म्हणून नोंदले जातात. तर जबलपूरकडे जाणारा पूर्वीचा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग ७६२ मिलिमीटरचा होता. आकडे बदलले, रूळ तेच राहिले.

पाच वर्षांत सारेच बदलले

स्वातंत्र्यानंतरचा बदल मात्र नियोजनपूर्वक झाला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. डिसेंबर १९५६ मध्ये वजने-मापे प्रमाणित करणारा कायदा मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात दशमान वजने सक्तीची झाली. त्या वेळी गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात अशी या भागाची दोन स्थित्यंतरे झाली. राज्य, नाणे आणि वजन हे सारे याच काही वर्षांत बदलले. तरी बाजार थांबला नाही.

आज धान खरेदी केंद्रावर क्विंटलखेरीज दुसरी भाषा चालत नाही. मण आणि शेर म्हणी-वाक्प्रचारांपुरते उरले. मग एकर का राहिला?

जवळचे माप रुजते

याचे उत्तर मापांच्या आकारात दडले आहे. जुना शेर ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे किलोपेक्षा जेमतेम सात टक्क्यांनी कमी. शेराच्या जागी किलो आला, तेव्हा गृहिणीच्या नजरेतला अंदाज फारसा ढळला नाही. पावशेराचा पाव किलो झाला, अच्छेराचा अर्धा किलो झाला. कापडाच्या दुकानातील वार ९१.४४ सेंटिमीटरचा, त्याची जागा मीटरने सहज घेतली. तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. सराफ बाजाराने नाव तेच ठेवून तो १० ग्रॅमचा करून टाकला. जिथे नवे माप जुन्याच्या जवळपास होते, तिथे बदल अलगद झाला.

दुसरा मार्ग सत्तेचा. मैल आणि किलोमीटर यांत अंतर मोठे. तरीही किलोमीटर रुजला, कारण रस्त्यावरचे दगड, एसटीचे भाडे आणि रेल्वेचे तिकीट हे सारे सरकारच्या हाती होते. ‘मैलाचा दगड’ हा शब्दप्रयोग तेवढा मागे राहिला.

जिथे यांपैकी काहीच नव्हते, तिथे जुने माप टिकून राहिले. फुटाच्या जवळपास जाणारे दशमान माप नाही. म्हणून घराचा नकाशा, आठ बाय चारचे प्लायवूड, अर्धा इंची नळ आणि दूरचित्रवाणीचा पडदा हे सारे आजही फूट-इंचांतच बोलतात. जमिनीचेही तसेच. एकर आणि हेक्टर यांत अडीच पटींची तफावत. शिवाय तराजू रोज हाती लागतो, तर जमिनीची मोजणी पिढीतून एखाद्याच वेळी होते. सातबारावर हेक्टर-आर लिहिले गेले तरी वडिलांनी सांगितलेले ‘तीन एकर’ मुलाच्या डोक्यात तसेच राहतात.

याला एक अपवाद आहे आणि तो उद्बोधक आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, अर्थात १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. दोन्हींत फरक अवघा एका टक्क्याचा. त्यामुळे गुंठ्याची सवय असलेल्याला आर हे माप समजायला सोपे जाते.

अर्धवट बदलाची किंमत

दोन पद्धती शेजारी शेजारी नांदल्या तर बिघडते कुठे? बिघडते ते रूपांतराच्या सांध्यावर. उदाहरणार्थ, हेक्टरी १०० किलो नत्र देण्याची शिफारस असेल, तर त्यासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो. ४५ किलोच्या जवळपास पाच गोण्या. तीच मात्रा एकराला बसते ८८ किलो, म्हणजे दोन गोण्यांहूनही थोडी कमी. हेक्टरचा आकडा एकरावर ओतला गेला तर खर्च अडीच पट होतो, पीक लोळते आणि रोग-किडीला आमंत्रण मिळते. ‘हेक्टर म्हणजे अडीच एकर’ हा ठोकताळाही निर्दोष नाही. दहा एकरांचे त्या हिशेबाने चार हेक्टर होतात. प्रत्यक्षात ते ४.०४७ हेक्टर भरतात. ही पावणेपाच आर जमीन खरेदीखतात कुणाच्या वाट्याला जाते, यावरून भाऊबंदकी उभी राहू शकते.

हाच सांधा मोठ्या यंत्रणांनाही नडला आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोईंग विमानात इंधन भरताना पौंड आणि किलोग्रॅम यांची गल्लत झाली. आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले आणि आकाशात त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवले, म्हणून प्राणहानी टळली. गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला त्याच वर्षी, सप्टेंबर १९९९ मध्ये, अमेरिकेच्या ‘नासा’चे मंगळयान नष्ट झाले, एका गटाने बलाचा हिशेब पौंडांत दिला होता आणि दुसऱ्याने तो न्यूटनमध्ये आहे असे गृहीत धरले होते.

विमानोड्डाणाच्या क्षेत्रात आजही मिश्र मापे वापरली जातात. भारतात धावपट्टीची लांबी आणि दृश्यमानता मीटरमध्ये, पण विमानाची उंची फुटांत आणि अंतर सागरी मैलांत सांगितले जाते. जिल्ह्यातील बिरसी विमानतळावर प्रशिक्षण घेणाऱ्या भावी वैमानिकांनाही या दोन्ही भाषा शिकाव्या लागतात. फरक एवढाच, की त्यांना त्यांचे काटेकोर शिक्षण मिळते. शेतकऱ्याला कुणी देत नाही.

अमेरिका अडली कुठे?

अमेरिकेने १८६६ मध्येच दशमान मापांना कायदेशीर मान्यता दिली. १८७५ च्या मीटर करारावर प्रारंभी स्वाक्षरी करणाऱ्या १७ देशांतही ती होती. १९५९ पासून तर तेथील यार्ड ०.९१४४ मीटर आणि पौंड ०.४५३५९२३७ किलो असा दशमान मापांवरूनच निश्चित केला जातो. मात्र १९७५ च्या कायद्याने बदल ऐच्छिक ठेवला आणि १९८२ मध्ये त्यासाठीचे मंडळही गुंडाळण्यात आले. तारीख नाही, सक्ती नाही, म्हणून बदलही नाही. ब्रिटनने १९६५ पासून बदल सुरू केला, पण रस्त्यांवर मैल आणि मद्यगृहांत पिंट राखून ठेवले. तेथे इम्पीरियल मापांना अधिक मोकळीक द्यावी काय, याबाबत २०२२ मध्ये जनतेची मते मागवण्यात आली. ९८.७ टक्के प्रतिसाद दशमान मापांच्या बाजूने आले. याउलट आयर्लंडने २० जानेवारी २००५ रोजी, एका दिवसात, रस्त्यांवरील वेगमर्यादा मैलांऐवजी किलोमीटरमध्ये आणली.

इम्पीरियल मापांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. बारा इंचांचे दोन, तीन, चार, सहा असे समान भाग पडतात. दहाचे दोन आणि पाचच. हाताने वाटणी करणाऱ्या समाजाला ते सोयीचे होते. आता किमतीपासून गुणपत्रिकेपर्यंत सारे हिशेब दशमानात होत असताना ही सोय क्षीण झाली आहे. बदलाचा खर्च खरा आहे. पण तो एकदाच करावा लागतो. दोन मापे सांभाळण्याचा खर्च मात्र दर हंगामाला येतो.

उरलेले काम

भारतात कायदा अपुरा नाही. १ एप्रिल २०११ पासून लागू असलेल्या वैधमापन अधिनियम, २००९ च्या कलम ११ नुसार प्रमाणित दशमान एककांखेरीज अन्य मापांत भाव सांगणे वा जाहिरात करणेही निषिद्ध आहे. तरीही भूखंड चौरस फुटांत आणि शेती एकरांत विकली जाते. केवळ दंडाने हे बदलणार नाही. शेर आणि किलोचा इतिहास सांगतो, की लोकांना परिचित मापाच्या जवळचे माप दिले तर ते आपण होऊन स्वीकारतात.

ते माप शासनाच्या हाताशी आहे. हेक्टरी २० हजार रुपये म्हणजे आरमागे २०० रुपये. शासन निर्णयात, खताच्या शिफारशीत आणि पीक नुकसानीच्या पंचनाम्यात हेक्टरबरोबर आरचा दर छापला, तर सातबारावरचा आकडा पाहून कोणीही तोंडी हिशेब करू शकेल. शेतकऱ्याची जमीन एक हेक्टर २१ आर असेल, तर १२१ गुणिले २००, म्हणजे २४ हजार २०० रुपये. खात्यात किती रक्कम यायला हवी होती आणि किती आली, हे तपासायला मग त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.